मेलेल्या नवऱ्याचं नाव

१

गोष्ट चोरीला गेली आणि चोर म्हणून पहिलं नाव माझं निघालं. मला त्याचं फारसं नवल वाटलं नाही. मी जळकी बाई आहे हे आमच्या मालिकांच्या धंद्यात सगळ्यांना ठाऊक आहे, आणि मीही ते कधी लपवलेलं नाही. दुसऱ्याचं चांगलं वाक्य ऐकलं की माझ्या पोटात दुखतं. पण पोटात दुखणं वेगळं आणि खिशात हात घालणं वेगळं.

निर्माते त्र्यंबकराव यांचं ऑफिस कोलशेतला, खाडीजवळच्या एका जुन्या गोडाउनमध्ये आहे. खाली आमच्या चालू मालिकेचं स्वयंपाकघर उभं केलेलं, वर त्यांची केबिन. त्या मालिकेची पटकथा आसावरी लिहिते आणि संवाद मी लिहिते. वीस वर्षं आमची जोडी आहे. ती प्रसंग बांधते, मी माणसांना बोलायला लावते.

चोरीला गेलेली गोष्ट मात्र आमच्या दोघींपैकी कुणाची नव्हती. ती होती रचनाची. रचना आमच्या हाताखाली लिहिणारी ठाकुर्लीची मुलगी. तिचे वडील आबा, त्यांनी कल्याणच्या एका लग्नाच्या बँडमध्ये उभा जन्म क्लॅरिनेट वाजवली. तिची गोष्ट अशी: बँडचा मास्तर वरातीत वाजवता वाजवता कोसळतो आणि जातो. त्याची बायको काही दिवसांनी त्याची क्लॅरिनेट उचलते आणि म्हणते, पुढच्या सुपारीला मी उभी राहणार. विधवा बाई लग्नात पुढे उभी राहून वाजवणार, इथून सगळं भांडण पेटतं.

इतकी सरळ, इतकी चांगली गोष्ट, आणि मला का सुचली नाही? रचनाने ती नौपाड्यात माझ्या घरी येऊन सांगितली. आमचे हे समोर बसून नारळ खोवत होते. सुरुवातीला नायिकेचं नाव घेताना पोरगी जरा अडखळली. ह्यांच्याकडे बघितलं, मग म्हणाली, "यमुना." मला वाटलं, घाबरली असेल. पुढे जे सांगितलं ते ऐकून मी तोंडभर कौतुक केलं आणि ती गेल्यावर दोन तास कुणाशी बोलले नाही.

आमच्याकडे नवी मालिका आधी तोंडानेच विकतात. समोर बसायचं आणि गोष्ट सांगायची. रचनाने कागदावर एक ओळ उतरवली नव्हती. ती चौघांना सांगितली होती: ऑफिसात त्र्यंबकराव आणि नीलला, डोंबिवलीत आसावरीला तिच्या घरी, आणि मला माझ्या घरी. नील म्हणजे आमचा क्रिएटिव्ह हेड.

त्र्यंबकराव चॅनेलवर गेले, गोष्ट सांगायला लागले, आणि तिथल्या मायाबाईंनी पाचव्या मिनिटाला हात वर केला. दुसऱ्या एका निर्मात्याकडून हीच गोष्ट त्यांनी आधीच ऐकली होती.

"शब्दन् शब्द तोच, हेमाताई," त्र्यंबकराव मला म्हणाले. "मेलेल्या नवऱ्याचं नाव तेवढं संदेश केलंय."

मला रचनाने सांगितलं तेव्हा तो प्रितम होता.

"मग माझ्यावर का आलात?"

"कारण नायिकेचं नाव बदललेलं नाही. ते ठेवायचा मोह तुमच्याशिवाय कुणाला होईल?"

यमुना नावाचा मला कसला मोह होणार? पण रागात माणूस जे विचारायला हवं तेच विचारत नाही. मी पर्स उचलली.

"शुक्रवारी मायाबाई निर्णय घेणार आहेत," ते मागून म्हणाले. "तोपर्यंत खरं काय ते सांगा. नाहीतर मी तुमच्याबरोबर काम करू शकत नाही. आणि का करत नाही, ते विचारणाऱ्याला सांगावं लागेल."

म्हणजे वीस वर्षांचं नाव गेलंच म्हणायचं.

२

जिना उतरताना माझ्या डोक्यात एकच किडा वळवळत होता. चोराने अख्खी गोष्ट तशीच उचलली. बँड तोच, वरात तीच, नायिकाही तीच. मग पहिल्याच भागात मरणाऱ्या माणसाचं नाव बदलायचं काय कारण? चोराने घर साफ लुटावं आणि जाताना एक उशी तेवढी उलटी ठेवून जावं, त्यातला प्रकार.

संशय घ्यायला मला नील बरा वाटला. खरं सांगायचं तर तो मला कधीच आवडला नाही. वय माझ्या मुलाचं, पगार माझ्या दुप्पट, आणि माझ्या संवादांवर "थोडं कमी करूया मॅडम" म्हणतो. शिवाय घोडबंदर रोडच्या एका हॉटेलात त्याला त्या दुसऱ्या निर्मात्याच्या माणसांबरोबर जेवताना आमच्या मेकअपवाल्याने पाहिलं होतं. मी त्याला खालच्या स्वयंपाकघरात, खोट्या फ्रीजपाशी गाठलं.

"जेवण कसं होतं रे?"

त्याचा चेहरा पडला. "मॅडम, प्लीज सरांना बोलू नका. मी जॉबसाठी गेलेलो. त्यांच्याकडे पोस्ट निघालीय."

"आणि जाताना बँडवालीची गोष्ट घेऊन गेलास."

"माझं डोकं फिरलंय का? ती गोष्ट इथे झाली असती तर त्या मालिकेचा हेडसुद्धा मीच असतो. आपल्याच पायावर कशाला कुऱ्हाड मारू?"

ह्यात तथ्य होतं. मला ते आवडलं नाही, पण होतं.

"नवऱ्याचं नाव काय होतं गोष्टीत?"

"प्रितम. सर पण होते ना तेव्हा समोर." मग तो गालातल्या गालात हसला. "बाकी काहीही म्हणा मॅडम, तुमचं नशीब भारी आहे. आमच्या नावाने कोण करतंय एवढं."

मला वाटलं हा टोमणा आहे, माझ्या बदनामीवरचा. मी त्याला फणकाऱ्याने "कामाला लाग" म्हटलं. माणूस स्वतःवर चिडलेला असला की समोर ठेवलेलं ताटही त्याला दिसत नाही.

३

आसावरीकडे मी चौकशीला नाही, रडायला गेले होते. डोंबिवलीत फडके रोडच्या मागे तिचं घर. टेंभी नाक्याच्या देवीला आम्ही दरवर्षी बरोबर जातो, एकमेकींच्या साड्या एकमेकींना माहीत. माझ्यावर आळ आल्यावर मी दुसरीकडे कुठे जाणार?

तिने दार उघडलं आणि क्षणभर दारातच उभी राहिली. मग म्हणाली, "ये ना."

आत जेवणाच्या टेबलावर रुखवत मांडलेलं होतं. अर्धवट रंगवलेली सुपारीची भटजी-जोडी, लोकरीचं तोरण, साखरेच्या पाण्याने कडक केलेली क्रोशाची परडी.

"लेकीचं ठरलं?"

"हो. म्हणजे तसं ठरलंय."

"कधी?"

"झाले थोडे दिवस." ती चादर शोधायला लागली, टेबल झाकायला. "तुला सांगणारच होते गं."

"मला नंतर? मी परकी झाले?"

"तसं नाही हेमा. ह्यांची आई म्हणाली, कार्य पार पडेपर्यंत जास्त लोकांना नको. दृष्ट लागते."

जास्त लोकांना. म्हणजे मला. माझी दृष्ट वाईट, हे वीस वर्षांनी माझ्या मैत्रिणीच्या घरात मला कळलं. माझ्या मुलाचं लग्न जमत नाही हे तिला माहीत होतं. आणि तिच्या मुलीचं जमलेलं पाहून माझ्या पोटात कळ आली हेही खोटं नाही. म्हणूनच ते जास्त लागलं.

चहा तिने केला. चोरीचं मी सांगितलं तेव्हा ती लगेच म्हणाली, "नीलकडे बघ. त्या लोकांत त्याचं येणंजाणं आहे." मग साखर ढवळत राहिली. "आणि तू कशाला एवढी घाबरतेस? तुझं कोण काय वाकडं करणार? तुझंच तर कौतुक असतं सगळीकडे."

"माझं कौतुक? चोर म्हणतायत मला."

"मालिका बघणाऱ्या बाया संवाद लक्षात ठेवतात. पटकथा कोण लक्षात ठेवतं? जाऊ दे."

नवऱ्याचं नाव मी तिला विचारायला हवं होतं. नीलला विचारलं तसंच. पण त्या चादरीखालच्या रुखवताने माझं डोकं चालेनासं झालं होतं. जावयाचं नावसुद्धा न विचारता मी डोळे पुसत जिना उतरले.

४

रचना माझा फोन उचलत नव्हती. तिलाही वाटत होतं की मीच. तेव्हा गुरुवारी सकाळी मी सरळ ठाकुर्लीला तिच्या घरी जाऊन बसले.

दार तिच्या आईने, रमाबाईंनी उघडलं. भिंतीवर बाबासाहेबांची तसबीर, खाली मखमली पेटीत क्लॅरिनेट. खिडकीशी आबा पेपर वाचत होते. रचना आतल्या खोलीच्या उंबऱ्यावर आमच्याकडे पाठ करून बसली.

"मी चोरली नाही तुझी गोष्ट," मी तिच्या पाठीला सांगितलं. "चोरावीशी वाटली. ते खरं आहे."

मग मला जे येतं ते मी करायला गेले, म्हणजे गोष्टीबद्दल बोलायला.

"आणि ती दुसऱ्याच्या हातात जाऊ द्यायची नाहीये मला, कारण ते लोक तिची माती करतील. ह्या बाईला वाजवायला शिकवणारा कुणी म्हातारा हवा. थेट तुझे वडील आण. नाव आबाच ठेव. लोकांचा जीव जडला की मग एक दिवस आबा आजारी पडतात आणि..."

"तेवढं नका बोलू, ताई." रमाबाईंनी हात वर केला होता. आवाज शांत होता. "या घरात ते नाव नांदतंय. नांदत्या नावाचं मरण त्याच्या घरात बसून बोलू नये."

मी ओशाळले. "चुकलंच. पण तुम्ही मानता हे सगळं?"

"शकुन-अपशकुन आम्ही मानत नाय. पण ऐकणाऱ्याच्या मनाला लागतं ना. त्याची बायको समोर बसलीय, लेक बसलीय. आपल्याला काय, नाव बदललं की झालं. म्हणून पोरींना लहानपणापासून शिकवलंय, ज्याच्या दारात बसाल त्याच्या घरातलं माणूस गोष्टीतसुद्धा मारू नका."

आबांनी पेपर खाली घेतला. "मला मारा हो, काय होत नाय. टीव्हीवर तरी येईन."

रमाबाईंनी त्यांच्याकडे असं पाहिलं की त्यांनी पेपर पुन्हा वर केला.

ती उलटी ठेवलेली उशी मला एकदम दिसली. चोराने नाव बदललंच नव्हतं.

"रचना," मी म्हटलं, "चॅनेलवर जी गोष्ट गेली त्यात तुझ्या बँडमास्तरचं नाव संदेश आहे. हे तुला कुणी सांगितलं का?"

आता ती वळली. "संदेश? नाही. सर फक्त म्हणाले, सेम गोष्ट आहे."

"तू ती सांगताना कुणाकडे नाव बदललेलंस?"

तिच्या डोळ्यांत हळूहळू जे आलं ते बघून मला उत्तर कळलं, आणि कळलं नसतं तर बरं, असंही वाटलं. तिने जवळ येऊन ते नाव माझ्या कानात सांगितलं. चोर म्हणून कुणाचं नाव आईसमोर मोठ्याने घ्यायची तिची हिंमत झाली नसावी.

"आणि मॅडम, तुमच्याकडे पण मी..."

"बाकीचं नंतर," मी चपला शोधत म्हणाले. "उद्या सकाळी कोलशेतला ये. आणि मी सांगेपर्यंत तोंड उघडू नकोस."

५

शुक्रवारी त्र्यंबकरावांच्या केबिनमध्ये आम्ही पाच जण होतो. ते स्वतः, नील, आसावरी, रचना आणि मी. टेबलावर फोन होता आणि फोनच्या पलीकडे मायाबाई. मी त्यांच्याकडून दहा मिनिटं मागून घेतली होती.

"मी एकच प्रश्न विचारणार आहे," मी म्हटलं. "रचनाच्या गोष्टीत पहिल्या भागात जो मरतो, त्याचं नाव काय? आसावरी, तू सांग आधी."

तिला आधी विचारलं कारण ती खरं बोलणार याची मला खात्री होती. आपण उचललेल्या वस्तूवर कुणाची खूण आहे, हे तिला माहीतच नव्हतं.

"संदेश," आसावरी म्हणाली. "का गं?"

नीलने मान वर केली. "संदेश? प्रितम ना?"

"प्रितम," त्र्यंबकरावही म्हणाले.

"मलाही प्रितमच सांगितलं होतं," मी म्हटलं. "रचना, आता बोल."

रचना जमिनीकडे बघत बोलली. "मी आसावरी मॅडमकडे गेलेले तेव्हा त्यांनी पेढा दिला. मुलीचं ठरलं म्हणाल्या. जावयाचं नाव प्रितम. मग त्या घरात बसून मी कसं म्हणणार, की प्रितम वरातीत कोसळतो आणि मरतो? घरात लग्न आहे. मी तिथल्या तिथे संदेश केलं. दुसऱ्या कुणाकडे नाही केलं."

"मायाबाई, तुम्ही काय ऐकलंत?" मी फोनला विचारलं.

"संदेश," फोन म्हणाला.

आसावरी हसण्याचा प्रयत्न करत म्हणाली, "एका नावावरून काय सिद्ध होतं? ज्याने चोरली त्याने बदललं असेल. त्याला संदेश सुचलं असेल."

त्र्यंबकरावांनी चष्मा काढला. "हेमाताई, हे सगळं ठीक. पण माझी शंका वेगळी आहे. बाहेर गेलेल्या गोष्टीतसुद्धा नायिका हेमाच आहे. ते नाव तुम्ही सोडून दुसरं कोण जपेल?"

"कोण हेमा?" मी विचारलं.

सगळे माझ्याकडे बघायला लागले. नीलचं तोंड उघडं राहिलं. मला खरोखरच कळत नव्हतं ते काय बोलतायत.

"नायिका यमुना आहे," मी म्हटलं. "क्लॅरिनेट वाजवणारी यमुना."

"नाही मॅडम." रचना आता माझ्याकडे बघत होती. "ती पहिल्यापासून हेमाच आहे. सर, नील सर, आसावरी मॅडम, सगळ्यांना मी हेमाच सांगितलं. तुमच्यावरूनच ठेवलंय. मी कामाला लागले तेव्हा तुम्ही माझं पहिलं वाक्य खोडलेलंत आणि म्हणालेलात, बाई हरली तरी तिच्या तोंडी रडकं वाक्य द्यायचं नाही. तिथून ती बाई मला दिसायला लागली. पण तुमच्या घरी काका समोर बसलेले, नारळ खोवत. त्यांच्यासमोर मी कसं म्हणू, की हेमाचा नवरा मरतो? म्हणून यमुना म्हटलं. काल तेच सांगत होते, तुम्ही निघून गेलात."

नीलचं ते हसणं, त्र्यंबकरावांचा तो "मोह", सगळं एका ओळीत येऊन उभं राहिलं.

तरी धंद्याची सवय. बोलायची पाळी माझी होती.

"म्हणजे बघा," मी म्हटलं. "गोष्ट माझ्या घरून गेली असती तर यमुना आणि प्रितम गेले असते. ऑफिसातून गेली असती तर हेमा आणि प्रितम. चॅनेलवर पोचले हेमा आणि संदेश. ही जोडी एकाच घरात सांगितली गेली."

आसावरीने पदर सावरला. ती नाकारील असं मला वाटलं होतं. तिने नाकारलं नाही.

"माझ्या मावसभावाला सांगितली," ती म्हणाली. "तो आहे तिकडे. हेमा नाव तेवढ्यापुरतं मुद्दाम ठेवायला लावलं, नंतर बदलायचं होतं. वाटलं, सगळे तुझ्याकडेच बोट दाखवतील."

"मी काय केलं होतं तुझं?"

"काही नाही." मग तिचा आवाज चढला. "वीस वर्षं मी प्रसंग बांधले. तू बोलायला लावायचीस आणि लोक तुला ओळखायचे. मी गप्प राहिले. मग ही काल आलेली मुलगी माझ्या घरात माझा पेढा खाते आणि मला सांगते, नायिकेचं नाव हेमा. माझ्या तोंडावर. माझ्या नावाने कुणी पानवालीसुद्धा लिहिली नाही, हेमा. मला ती गोष्ट नको होती. तुझ्या नावाने ती उभी राहायला नको होती, एवढंच."

एवढंच. मला ते इतकं समजलं की राग यायला वेळ लागला. जन्मभर मी दुसऱ्यांवर जळले. माझ्यावर कुणी जळत असेल हे माझ्या स्वप्नातही आलं नव्हतं, आणि ती माझ्या शेजारी बसून माझ्याच डब्यातली पोळी खात होती.

फोनमधून मायाबाईंचा आवाज आला. "रचनाला माझ्याकडे पाठवा. तिच्या तोंडून ऐकायचंय मला. त्या लोकांशी मी बोलते."

आसावरी उठली. जाताना तिने कुणाकडे पाहिलं नाही. मीही तिला थांबवलं नाही.

६

रविवारी रचना पेढे घेऊन नौपाड्यात आली. चॅनेलने गोष्ट घेतली होती, आणि तिच्याच नावावर. आमचे हे कैरी किसत होते.

"आता खऱ्या नावाने सांग मला," मी म्हटलं.

तिने ह्यांच्याकडे पाहिलं.

"बोल गं पोरी," हे म्हणाले. "मी पहिल्या भागात मरतो ना? मला फक्त लोणचं घालून होऊ दे."

रचनाने सांगायला सुरुवात केली. हेमा क्लॅरिनेट उचलते. हेमाला लोक नावं ठेवतात. हेमा वरातीपुढे उभी राहते आणि तिचे हात थरथरतात, पण फुंक तुटत नाही. मी ऐकत होते आणि मला त्या बाईचा हेवा वाटत होता. इतकी धीट मी कधीच नव्हते. खोटं कशाला बोलू, पोटात तीच जुनी कळ आली, फक्त ह्या वेळी ती माझ्याच नावाची होती.

गोष्ट संपली. माझ्या डोळ्यांसमोर अर्धवट रंगवलेली सुपारीची जोडी येत होती आणि तिच्यावर घाईने ओढलेली चादर.

"हिला मैत्रीण नाही का कुणी?" मी विचारलं.

"नाही ठेवली."

"एक ठेव. शेजारीण असू दे. हिच्यावर जळते, एकदा हिचा घातही करते. पण मरत नाही. शेवटच्या भागापर्यंत आहे."

रचनाने विचारलं, "नाव काय ठेवू?"

"आसावरी," मी म्हटलं. "डोंबिवलीला जाऊन सांगशील तेव्हासुद्धा बदलू नकोस."